भरल्या टाकीचा आवाज

प्रेमदास ताकसांडेला टाकी दिसली की वाजवून पाहायची खोड आहे. कोणाकडे पाहुणा म्हणून गेला आणि न्हाणीत हात धुवायला उठला, की तिथल्या ड्रमवर बोटाचं पेर दोनदा आपटणारच. ठप्प वाजलं की गपचूप पुढे सरकतो. ठण्ण वाजलं की घरच्या बाईला सांगतो, "वहिनी, अर्धाच हाय बरं." पुतणीच्या लग्नात त्याने मांडवाबाहेरच्या टँकरवर असंच पेर आपटलं, तेव्हा त्याची बायको सरिता सगळ्यांदेखत म्हणाली, "व्याह्याच्या टकुऱ्यावर पन वाजवून पाहा एकदा. भरेल हाय का नाई ते समजन." सगळे हसले. प्रेमदासही हसला, पण हसताना त्याने डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. ही त्याची दुसरी खोड. ती कोणाच्या लक्षात येत नाही.

तो वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या नगरपरिषदेत बंबाचा ड्रायव्हर. गावाचं नाव सांगत नाही, सांगून करायचं काय? सव्वीस वर्षं त्याने एकच काम केलं. अग्निशमन केंद्र म्हटलं की लोकांना वाटतं, मोठमोठे लाल दरवाजे असतील, खांबावरून घसरत येणारे जवान असतील. तसलं काही नाही. जुन्या जकात नाक्यामागे पत्र्याची एक शेड. शेडमध्ये एक मोठा बंब, आणि एक छोटी गाडी जी वर्षातले सहा महिने दुरुस्तीला असते. शेजारी एक खोली, तीत टेबल, फोन, घंटा, वाळूच्या चार लाल बादल्या आणि रजिस्टर. तीन पाळ्या. पाळीत एक ड्रायव्हर आणि दोन-तीन फायरमन, त्यातले निम्मे कंत्राटी. सगळ्यांवर केंद्रप्रमुख वासुदेवराव, ज्यांना दोन गोष्टी मनापासून आवडतात : इस्त्रीचा गणवेश आणि भाषण.

एवढ्या पसाऱ्यात खरी गोष्ट एकच, टाकीतलं पाणी. बंबात साडेचार हजार लिटर मावतं. एक होज लावला तर नऊ-दहा मिनिटं पुरतं. ऐकायला कमी वाटतं, पण आग विझवायची की नुसती पाहायची, हे त्याच दहा मिनिटांत ठरतं. म्हणून नियम असा की गाडी बाहेरून आली की आधी टाकी भरायची आणि मग रजिस्टरात लिहायचं, "टाकी पूर्ण." सगळे करतात मात्र उलट. पेन खोलीत आणि बोअरचा पाइप शेडच्या मागे. माणूस आधी खोलीतच शिरतो, पंख्याखाली टेकतो, लिहून टाकतो आणि मग भरायला जातो. भरतात सगळे. प्रेमदासही भरत असे. एकदा सोडून.

तो दिवस चौदा एप्रिल, नऊ वर्षांपूर्वीचा. चौदा एप्रिल हा या खात्याचा दिवस. मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात आग विझवताना मेलेल्या जवानांची आठवण म्हणून त्या दिवशी देशभरच्या केंद्रांत सकाळी रांगेत उभं राहतात, दोन मिनिटं स्तब्ध होतात, छातीला झेंडे टोचतात. आणि चौदा एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. प्रेमदासची दरवर्षी ओढाताण होई. सरिता पांढरं पातळ नेसून पोरींना घेऊन विहारात जाई, आणि हा इथे गणवेशात, वासुदेवरावांचं भाषण ऐकत. ती दरवर्षी म्हणे, "बाबासाहेबायनं शिका सांगितलं, संघटित व्हा सांगितलं. बंब धूत बसा असं कुठं सांगितलं?"

त्या वर्षी ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. रॅली अकराला निघणार होती. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया अनवाणी चालतात. तेव्हा मंडळाचे दोघं-तिघं केंद्रावर आले. "प्रेमदासभाऊ, रस्त्यावर थोडं पानी मारून देता का?" यात नवल काही नव्हतं. रामनवमीच्या शोभायात्रेला बंब रस्ता भिजवतो, गणपतीला भिजवतो, एखादा पुढारी यायचा असला तर धुऊनच काढतो. लेखी हुकूम कधीच नसतो. वासुदेवरावांनी मान डोलावली. प्रेमदासने बंब काढला आणि विहारापासून चौकापर्यंत सावकाश पाणी सोडत नेला. पोट्टे मागे नाचले, एका आजीने बंबाच्या पुढच्या काचेला हार घातला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकं बरं त्याला दुसऱ्या कोणत्या दिवशी वाटलं नव्हतं. हे तो आजही कबूल करतो, आणि म्हणूनच त्याला ते जास्त टोचतं.

साडेअकराला तो परत आला. खोलीत शिरला आणि लिहिलं : "टाकी पूर्ण." खाली सही. मग मागे जाऊन पाइप लावला, पंपाचं बटण दाबलं, तर वीज नाही. येईल दहा मिनिटांत. तेवढ्यात सरिताने पाठवलेला बुंदी-पुरीचा डबा आला. फायरमन धीरज तेव्हा नवा होता. दोघं पंख्याशिवाय घामाघूम होत जेवले, रॅलीच्या गप्पा मारल्या. वीज आली, पंखा फिरला, सगळे "हाऽ" म्हणाले. पंखा आपोआप फिरतो. पंप फिरत नाही, त्याचं बटण पुन्हा जाऊन दाबावं लागतं. सहावीतल्या मुलाला कळेल अशी गोष्ट. प्रेमदास मात्र खुर्चीत पाय लांब करून पडून राहिला.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. शनिवार बाजाराच्या मागे हिरालाल गादीवाल्याच्या दुकानाला आग.

घंटा झाली, सगळे गाडीवर चढले, प्रेमदासने चावी फिरवली, आणि शेडमधून बाहेर पडताना गाडी हलकी लागली. ड्रायव्हरला ते कळतंच. भरलेला बंब वळणावर अंग टाकतो. हा नुसता उडत होता. शेजारी वासुदेवराव बसले होते, हातात फोन. प्रेमदासने एवढंच म्हणायचं होतं, "साहेब, टाकी अर्धी हाय, पुलगावची गाडी आत्ताच बोलवा." आठ शब्द. वासुदेवरावांनी शिव्या दिल्या असत्या, फोन लावला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. तो बोलला नाही. वाटलं, आग लहान असेल. वाटलं, रजिस्टरात तर पूर्ण लिहिलंय. वाटलं, उद्या लोक म्हणतील, यांच्या जयंतीपायी बाजार जळला. हे शेवटचं कारण खोटं नव्हतं. लोक म्हणालेच असते. पण खरं कारण सोयीचंही असू शकतं, आणि प्रेमदास पुढे नऊ वर्षं त्याच कारणाच्या आड बसून राहिला.

कापसाची आग आधी दिसत नाही. आतल्या आत धुमसत जाते आणि मग एकदम उठते. हिरालालचं दुकान वाचण्यातलं नव्हतं. प्रश्न शेजारच्या घराचा होता. भिंतीला भिंत लागून नलू शेंडेचं घर. नलू विधवा, शिवणकाम करणारी. पुढची खोली राहायची, मागची मशिनींची. धीरजने होज धरला, प्रेमदास पंपाशी उभा राहिला. ड्रायव्हरची जागा तीच. तो पंप सोडू शकत नाही. पाण्याचा दाब त्याच्या हातात असतो. पाच मिनिटांनी पंपाने कोरडा आवाज काढला. होज लोळागोळा झाला.

"पानी काऊन बंद केलं बे?" धीरज ओरडला.

"संपलं."

धीरजने त्याच्याकडे पाहिलं, आणि क्षणभराने नजर काढून घेतली. आपणही बुंदी खाल्ली होती, हे त्याला आठवलं असावं. त्याने नंतर कधी विचारलं नाही. वासुदेवरावांनी तेव्हा कुठे पुलगावला फोन लावला. तिथून गाडी यायला पस्तीस मिनिटं.

आणि आता पाहा, नशीब कसा टोला देतं ते. टाकीत पाणी असतं तर प्रेमदास पंपाशी बांधलेला राहिला असता. पाणी नव्हतं म्हणून तो मोकळा होता. नलू रस्त्यावर ऊर बडवून ओरडत होती, "माह्यी सासू आत हाय!" तेव्हा सगळ्यांत आधी धावला तो बिनकामाचा ड्रायव्हर. ओलं पोतं डोक्यावर घेऊन तो धुरात शिरला आणि अनुसयाबाईला खांद्यावर टाकून बाहेर आला. चौकटीचं जळतं लाकूड डाव्या हातावर पडलं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. जिवाची बाजी, शूर चालक वगैरे. अहवालात लिहिलं गेलं, "आगीचे स्वरूप भीषण असल्याने उपलब्ध पाणी अपुरे पडले." रजिस्टर कोणी उघडलं नाही. उघडलं असतं तरी तिथे सुवाच्य अक्षरात "टाकी पूर्ण" होतं.

नलूचं घर गेलं. मागच्या खोलीतल्या दोन मशिनी, लग्नसराईचे एकवीस जणींचे ब्लाऊज, आणि नवऱ्याचा होता तो एकुलता एक फोटो. पुढची चार वर्षं ती दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर बसली. अनुसयाबाई वाचली, पण छातीत धूर बसला. सहा वर्षं खोकत होती, मग गेली.

दवाखान्यात नलू त्याला भेटायला आली तेव्हा त्याने सांगायचं ठरवलं होतं. तिने त्याच्या पायाला हात लावला. "भाऊ, माझ्या सासूले तुमी दुसरा जन्म देल्ला." झालं, त्याचं तोंड शिवलं गेलं.

पुढच्या चौदा एप्रिलला ती केंद्रावर आली, कागदात गुंडाळलेला शर्ट घेऊन. स्वतः शिवलेला, पूर्ण बाह्यांचा. प्रेमदासने घातला, आणि त्याच्या ध्यानात आलं की डावी बाही बोटभर सैल आहे आणि आतून मऊ मलमल लावली आहे. भाजलेल्या कातडीला शिवण घासू नये म्हणून. न मोजता, नजरेने ओळखून शिवलेली. त्या दिवशी तो खोलीबाहेर गेला आणि त्याने पहिल्यांदा टाकीवर पेर आपटून पाहिलं.

दरवर्षी एक शर्ट आला, दरवर्षी डावी बाही सैल. सरिता कौतुकाने पेटीत घड्या घाली. "सख्खी बहीन करनार नाई एवढं करते." विहारात वंदनेला उभा राहिला की पंचशीलातल्या चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या प्रतिज्ञेला, त्याचा आवाज आपोआप खाली जाई. ओठ हलत. सरिताला वाटे, धुरामुळे घसा गेला.

या वर्षी तीस एप्रिलला तो निवृत्त व्हायचा होता. महिनाभर आधी वासुदेवरावांनी कार्यक्रम ठरवला : मांडव, शाल, श्रीफळ, आणि नलूताईचं भाषण. "लोकायले समजलं पाहिजे, आपल्या केंद्रात कसे हिरे हाय," ते म्हणाले. तेव्हा प्रेमदासने दार लोटून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. वासुदेवरावांनी ऐकून घेतलं, उठून दाराची कडी तपासली आणि परत बसले.

"कोनाले बोलला का हे?"

"नाई."

"बोलू पन नको. ते रजिस्टर उधईनं खाल्लं कधीचंच. तुह्यी पेन्शनची फाइल वर गेली हाय, ती काऊन उगाच खाली आनतं?"

"पन साहेब, माह्या हातानं—"

"अबे, तुह्या हातानं म्हातारी वाचली! तेवढंच धर ना. लय हौस आली पापाची."

शिक्षा मिळावी म्हणून माणूस गेला आणि साहेबाने चहा मागवला. आपल्या कचेऱ्यांत गुन्हेगाराला लपता येतं, तसं कबूल करणाऱ्याला कबूल करता येत नाही. प्रेमदासने चहा घेतला आणि सायकल काढून थेट शनिवार बाजाराच्या मागे गेला.

नलूने आता नव्या दोन खोल्या बांधल्या आहेत, स्वतःची मशीन आहे. ती मशीनवरच होती. पायाशी निळसर कापडाचे तुकडे पडले होते.

"या ना भाऊ! आत्ताच कापला तुमचा. या साली चौदा तारखेले नाई, निरोपाच्या दिवशीच देईन म्हनलं, स्टेजवर. बसा, चहा मांडतो."

"चहा नको. नलू, त्या दिवशी बंब अर्धा होता."

"कोन्त्या दिवशी?"

"त्याच."

मशीनचं चाक तिने तळव्याने थांबवलं. "ते तं मले ठाऊक हाय. पानी संपलं. आग मोठी होती."

"तुह्या घराची आग तेवढी मोठी नोती. पानी कमी होतं. मी रजिस्टरात भरेल लिहिलं अन् भरलं नाई. जेवत बसलो."

बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. नलूने सुईखालचं कापड ओढून काढलं.

"पानी गेलतं कुठं?"

इथेच प्रेमदास लपत आला होता. नऊ वर्षांचा आडोसा होता तो. "रॅलीच्या रस्त्यावर मारलं. पन त्याच्यात वस्तीचा दोष नाई, नलू. भरनं माह्यं काम होतं."

"रस्त्यावर मारलं त्याचं मी काई म्हनून नाई राह्यली," ती झटकन म्हणाली. "माह्या गल्लीत गनपतीले मारताच तुमी. भरेल असता बंब, तं काय झालं असतं?"

'सांगता येत नाई' हे उत्तर तयार होतं. पण नऊ वर्षं त्याने तोच हिशेब केला होता, मिनिटामिनिटाने. "पुढची खोली गेलीच असती. मागची वाचली असती."

"मागची."

"हाव."

"अन् माय? तिच्या छातीत धूर गेला तो?"

"मी गाडीत बसल्या बसल्या सांगितलं असतं, तं पुलगावची गाडी दहा मिनिटं आधी आली असती. अन् आमी घाबरून पाहत उभे राह्यलो, ते राह्यलो नसतो. तिले आधीच काढली असती."

"मंग काऊन नाई सांगितलं? गाडीत बसले तवा तोंडाले काय झालतं तुमच्या?"

भीती, लाज, वस्ती, रजिस्टर, सगळं तो घोकून आला होता. तिच्यासमोर त्यातलं एकही उभं राहीना.

"अन् मी शर्ट शिवत गेली," नलू म्हणाली.

"हाव."

"अन् तुमी घालत गेले. आठ साल."

"हाव."

तिने निळं कापड उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर त्याला सोपं गेलं असतं. "जा भाऊ तुमी आता," ती म्हणाली. "बाह्या कापायच्या राह्यल्या हाय माह्या."

'भाऊ' म्हणाली, हे त्याने घरी जाईपर्यंत किती वेळा मनात घोळवलं कोण जाणे. नुसती सवय असेल.

तीस तारखेला सकाळी अकराला कार्यक्रम. शेडसमोर मांडव, बंब धुऊन पुसून मागे उभा. पहिल्या रांगेतली नलूची खुर्ची रिकामी. धीरजने प्रेमदासला बाजूला बोलावून कागदाचं पुडकं दिलं. "नलूताईनं देल्लं. थांब म्हनलं तं थांबली नाई."

प्रेमदास फोनच्या खोलीत गेला. गणवेशाचा शर्ट काढला, नवा घातला. अंगाला चोख बसला. उजवी बाही नीट. डावी बाही उजवीएवढीच. बोटभर सैल नाही, आत मलमल नाही. बटण लावताना शिवण भाजलेल्या कातडीवर करकचून बसली. त्याने ती ओढून पाहिली नाही.

वासुदेवराव रंगात आले होते. "...अन् त्या दिवशी, चौदा एप्रिलले, जिवाची पर्वा न करता आपल्या प्रेमदासनं—"

प्रेमदास खुर्चीवरून उठला. "साहेब, ते नका सांगू. त्या दिवशी टाकी अर्धी होती अन् मी कोनाले सांगितलं नोतं. नलूचं घर माह्याच्यानं गेलं."

मांडवात कोणाच्या तरी हातातून प्लेट निसटली. वासुदेवरावांनी माईक घट्ट धरला आणि हसले. "पाहा! किती साधा मानूस! सोताकडे दोष घेते." लोकांना टाळ्या वाजवायची संधी मिळाली, त्यांनी वाजवल्या. लोकांना हिरा हवा असतो. एकदा नाव छापून आलं की ते खोडायला कोणी तयार नसतं. फक्त धीरज मान खाली घालून बसला होता, आणि दुसऱ्या रांगेत सरिताचे हात मांडीवर होते. बुंदीचा डबा तिनेच भरला होता. ती नवऱ्याच्या बाहीकडे पाहत होती.

कार्यक्रमानंतर त्याने आता ड्रायव्हर होणाऱ्या धीरजला गाडीचा चार्ज दिला. चावी, होज, अवजारांची पेटी. रजिस्टर उघडून धीरजने पेन काढलं, तर प्रेमदासने पेनवर हात ठेवला. "आधी टाकी." दोघं मागे गेले. सांगितलं नसतानाही धीरजने पेर आपटलं. ठप्प. "आता लिही," प्रेमदास म्हणाला.

घरी आल्यावर सरिताने पाण्याचा पेला दिला. मग शिवणीच्या कडेला लाल झालेलं मनगट पाहून म्हणाली, "उसवून सैल करून देऊ का?"

"नको," प्रेमदास म्हणाला. "तिनं मोजूनच शिवेल हाय."